प्रल्हाद वैरागडेची कायमस्वरूपी बाग

प्रल्हाद वैरागडेच्या आयुष्यातली बहुतेक संकटं त्याने विचारलेल्या लांब प्रश्नांतून उभी राहिली आहेत. सप्टेंबरातल्या एका शनिवारी अमेरिकेतल्या श्रूजबरी गावच्या वाचनालयात कंपोस्टवर व्याख्यान होतं. शेवटी वक्त्याने कुणाला काही विचारायचं आहे का म्हटल्याबरोबर प्रल्हाद उठला. त्याच्या प्रश्नात जंगलाची थरांची रचना आली, पावसाच्या पाण्याचा उतार आला, आणि खुद्द वक्त्याने टाळलेला गांडुळांचा मुद्दाही आला. प्रश्नचिन्ह तेवढं राहून गेलं. वक्ता पाणी प्यायला आणि आभाराकडे वळला. कार्यक्रम ठरवणाऱ्या बाईंनी मात्र प्रश्नाच्या लांबीवरून ज्ञानाची खोली ओळखली आणि त्याला दारातच गाठलं. येत्या एप्रिलमध्ये गावातल्या घरगुती बागवाल्यांना थंड प्रदेशातल्या परमाकल्चरची ओळख करून द्याल का, आधी व्याख्यान आणि मग तुमच्याच बागेत एक फेरी, असं त्यांनी विचारलं. प्रल्हाद लगेच हो म्हणाला. ‘तुमच्याच बागेत’ या शब्दांचा अर्थ त्याला गाडी सुरू करताना लागला. त्याच्याकडे बाग नव्हती.

लॉन होतं. वसाहतीतल्या सगळ्यांकडे होतं तसंच, हिरवं आणि निरुपयोगी.

परमाकल्चर म्हणजे थोडक्यात सांगायचं तर बाग अशी आखायची की काही वर्षांनी ती आपली आपण चालावी. दरवर्षी खणायचं नाही, खताच्या गोण्या आणायच्या नाहीत, एकदा लावलेली झाडंझुडपं वर्षानुवर्षं देत राहतात. थंड प्रदेशात तर डोकं जास्तच लावावं लागतं: बर्फ कुठे साचतं, वारा कुठून घुसतो, मार्चमधलं पहिलं ऊन कुठल्या कोपऱ्यात पडतं. प्रल्हादने याचा ऑनलाइन कोर्स मागच्या हिवाळ्यात केला होता. तेव्हा बाहेर कमरेएवढं बर्फ होतं. त्यामुळे एकही धडा करून बघण्याची वेळ आली नाही आणि त्याला सगळं आलं.

या शास्त्रात घरापासूनच्या अंतराप्रमाणे जागेचे झोन पाडतात. रोज लागणारी कोथिंबीर दाराशी, कधीमधी लागणारं ते लांब. प्रल्हादने नकाशा काढून फ्रिजवर लावला तेव्हा मीनाक्षीला, म्हणजे त्याच्या बायकोला, समजलं की ती झोन शून्यमध्ये राहते. ती वूस्टरला एका लॅबमध्ये काम करते आणि नकाशा नीट वाचते. तिने बोट ठेवलं ते मागच्या कोपऱ्यातल्या एका गोल खुणेवर. हे काय, म्हणाली. प्रल्हाद म्हणाला, नासपती. फळं कधी? सहा-सात वर्षांनी.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. प्रल्हाद आणि मीनाक्षी पंधरा वर्षं अमेरिकेत होते, पण व्हिसावर. व्हिसा दर तीन वर्षांनी वाढायचा आणि ग्रीन कार्डाची रांग मात्र हलायची नाही. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर निघायचं. म्हणून मीनाक्षीने संसार एका साध्या तत्त्वावर मांडला होता: साठ दिवसांत विकता येणार नाही अशी वस्तू घरात आणायची नाही. मिक्सर होता, पाटा नव्हता. घरसुद्धा तिने विकत घेतलं ते, भाड्यापेक्षा हप्ता कमी पडतो आणि इथली घरं आठवड्यात विकली जातात, हे तपासून.

“आणि झाड?” ती म्हणाली. “कुठल्या बॅगेत घालणार?”

प्रल्हादने तिला समजावलं की ‘परमाकल्चर’मधला ‘परमा’ म्हणजे परमनंट. मीनाक्षी म्हणाली, तेच म्हणतेय मी. पुढे त्या विषयावर बोलणं झालं नाही आणि प्रल्हादने नासपतीचं रोप आणलं. एकच आणलं. त्याच्या मते हा त्याने केलेला समझोता होता.

पहिलं काम लॉन मारायचं. त्यासाठी गवत खणत बसत नाहीत. त्यावर पुठ्ठा अंथरतात, भिजवतात आणि वरून लाकडाचा भुगा टाकतात. गवत खाली गुदमरतं, गांडुळं वर येतात आणि वसंतात मऊ माती मिळते. प्रल्हादने इंडियन ग्रोसरीच्या दुकानातून गाडी भरभरून रिकामी खोकी आणली आणि रविवारी दुपारपर्यंत सगळं मागचं अंगण झाकलं. सोना मसूरी, चक्की आटा, हापूस आंब्याचा पल्प अशी अक्षरं आकाशाकडे तोंड करून पसरली. भुगा पुढच्या आठवड्यात येणार होता. वारा सोमवारी आला.

तो दिवस वसाहतीत अजून आठवला जातो. आटा तीन घरं सोडून गुलाबांच्या कुंपणात सापडला. आंब्याचा पल्प स्कूलबसच्या काचेवर बसला आणि बस थांबली. संध्याकाळी वसाहतीतल्या घरमालकांच्या असोसिएशनकडून मेल आली: ‘डिअर होमओनर’, मग नियमाचा क्रमांक, मग खंत, मग मुदत. खाली सही होती असोसिएशनच्या अध्यक्षांची, म्हणजे शेजारच्या संजीवकाकांची. काका निवृत्त इंजिनिअर. आदल्याच शनिवारी त्यांनी प्रल्हादकडे दोनदा मागून साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती. मेल वाचून होते न होते तोच दारावर टकटक झाली.

“मेल आली का?” काका म्हणाले. “सावकाश वाच, मीच पाठवलीय. कडक आहे थोडी. चहा टाकलाय का?”

चहा पिताना त्यांनी भाषेबद्दल दिलगिरी व्यक्त केली, पण मुद्द्यावर ते ठाम होते. अध्यक्ष आपला माणूस आहे म्हणून आपल्या लोकांचे लाड होतात असं कुणी म्हणता कामा नये, म्हणून गेली चार वर्षं ते आपल्या लोकांना जरा जास्तच कडक मेल लिहीत आले होते. त्यांच्या पत्नी शैलाकाकूंचं मत वेगळंच होतं. त्या म्हणाल्या, बाग करायचीच कशाला इथे. आम्ही कॅरीला गेलो की तिथे करू. नॉर्थ कॅरोलायनात म्हणे कढीपत्ता बाहेर जगतो. काका-काकू आठ वर्षं कॅरीला निघाले होते. काकूंचा कढीपत्ता तोवर हिवाळाभर बाथरूममध्ये राहायचा आणि पाहुण्यांनी आत जाताना त्याला धक्का लागू द्यायचा नाही, असा दंडक होता. नासपतीही नोव्हेंबरात आत घे, असं त्यांनी प्रल्हादला बजावलं. प्रल्हादने झाडाला थंडी लागतेच, तिच्याशिवाय ते फुलत नाही, हे पंधरा मिनिटं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि निदान स्वेटर तरी घाल म्हणाल्या.

पुन्हा अंथरलेला पुठ्ठा उडू नये म्हणून भुगा लवकर हवा होता. झाडं तोडणारे लोक तो फुकट टाकतात, फक्त किती आणि कधी हे ते ठरवतात. एका सकाळी साडेसहाला ट्रक आला आणि भुग्याचा डोंगर थेट गॅरेजच्या दाराला टेकवून गेला. गॅरेजमध्ये मीनाक्षीची गाडी होती आणि नऊला तिचं प्रेझेंटेशन होतं. ती टॅक्सीने गेली.

भुगा उपसता उपसता आतून ओंडके निघाले. चांगले मांडीएवढे, पाच-सहा फुटांचे. ट्रकवाल्यांनी आपली अडगळही त्याच फेरीत टाकून दिली होती. ओंडके कुणी उचलून नेईना आणि अंगणात ठेवायला नियमाची आडकाठी. तेव्हा प्रल्हादला कोर्समधला नववा धडा आठवला. ओंडके चरात पुरायचे, वर फांद्या, पाला, माती टाकून लांबट उंचवटा करायचा. आत लाकूड सावकाश कुजतं, पाणी धरून ठेवतं, ऊब देतं, आणि थंड प्रदेशात उंचवट्याच्या दक्षिण बाजूची माती लॉनच्या आधी जागी होते. या प्रकाराला एक जर्मन नाव आहे. प्रल्हाद ते लिहू शकतो.

दोन दिवस खपून त्याने उंचवटा केला. सहा-साडेसहा फूट लांब, तीनेक फूट रुंद, मधे फुगीर, माती ताजी. डोक्याच्या बाजूला नासपती लावली. काम संपल्यावर तो फावड्यावर रेलून समाधानाने बघत उभा राहिला आणि तसाच उभा असताना पोलीस आले.

तर झालं होतं असं. मीनाक्षीची आई सहा महिने इथे होती. रोज सकाळी ती साडीवर जॅकेट चढवून रस्त्याने फेरी मारायची. दुसऱ्या बाजूचे शेजारी मिस्टर लवाली हे एकटे वयस्कर गृहस्थ. ते खिडकीतून हात करून ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचे आणि सासूबाई ‘झाला का नाश्ता?’ म्हणायच्या. एवढ्या भांडवलावर दोघांचा चांगला स्नेह जमला होता. गुरुवारी सासूबाई नागपूरला परत गेल्या. शुक्रवारी मिस्टर लवालींना त्या दिसल्या नाहीत. शनिवारीही दिसल्या नाहीत, मात्र त्यांचा जावई अंगणात माणसाच्या मापाचा चर खणताना दिसला. रविवारी चर भरलेला होता आणि उशाला रोप लावलेलं होतं. लवालींनी फोन केला. त्यांच्या जागी कुणीही केला असता.

पोलीस ऑफिसर तरुण आणि अतिशय सभ्य होता. त्याने हवेबद्दल दोन शब्द बोलून, घरात कोणी वयस्कर बाई राहतात का, असं विचारलं. प्रल्हादने नेमकं उत्तर दिलं.

“शी इज नो मोर हिअर, सर. शी लेफ्ट अस ऑन थर्सडे.”

ऑफिसरने टोपी काढली. मग उंचवट्याकडे पाहिलं आणि पुन्हा घातली. अचानक झालं का, असं त्याने हळू आवाजात विचारलं. प्रल्हाद म्हणाला, नाही, सहा महिने आधीच ठरलं होतं, आम्ही सगळ्यांनी मिळून तारीख ठरवली. त्यांना इथली थंडी सोसत नव्हती. मग, शिष्टाचार म्हणून नव्हे तर मनापासून, त्याने भर घातली की आता घरात शांतता आहे. ऑफिसरने हे काय आहे म्हणून उंचवट्याकडे बोट दाखवलं तेव्हा प्रल्हादने ते जर्मन नाव उच्चारायचा प्रयत्न केला. त्याने परिस्थिती सुधारली नाही.

प्रल्हादची मुलगी आन्या खिडकीतून ऐकत होती. ती तेरा वर्षांची, जन्मापासून इथलीच. ती बाहेर आली.

“डॅड,” ती म्हणाली, “प्लीज स्टॉप टॉकिंग.”

तिने ऑफिसरला सांगितलं की आजी विमानाने गेली आहे आणि भारतातल्या इंग्लिशमध्ये गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात. मग तिने नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सगळी निजानीज झाली होती. बऱ्याच वेळाने पडद्यावर आधी छत, मग एक कान आणि शेवटी सासूबाई आल्या. त्यांनी चष्मा लावला, गणवेश पाहिला, गणवेशाशेजारी जावई पाहिला.

“मला वाटलंच होतं,” त्या म्हणाल्या.

काय वाटलं होतं ते त्यांनी कधीच स्पष्ट केलं नाही. पण ऑफिसर भला माणूस आहे हे त्यांनी चेहऱ्यावरून ओळखलं आणि मग गुडघ्यापासून घराच्या हीटिंगपर्यंत बऱ्याच गोष्टी आन्यामार्फत त्याच्या कानावर घातल्या. तो सगळ्याला ‘येस मॅम’ म्हणत होता. आपल्याला शोधायला पोलीस कुणी पाठवले हेही त्यांना कळलं. इतक्या वर्षांत जावयाने विचारलं नाही, आणि त्या लवालीने तीन दिवसांत पोलीस पाठवले, असं त्या तेव्हापासून नागपुरात सगळ्यांना सांगतात. लवाली संध्याकाळी ओशाळून ॲपल पाय घेऊन आले. प्रल्हादने त्यांना माफ केलं. मीनाक्षीने त्यांना आईचा नंबर दिला.

असोसिएशनला पोलिसांचं काही नव्हतं, उंचीचं होतं. तीस इंचांवर काही गेलं की ते बांधकाम. काका टेप घेऊन आले, उंचवट्याला तीन ठिकाणी टेप लावली, आकडा तोंडातल्या तोंडात पुटपुटले आणि खिन्न झाले. सुनावणी झाली. प्रल्हादने बेचाळीस स्लाइड दाखवल्या. त्यामुळे समिती इतकी दमली की तिने निर्णय वसंतावर ढकलला: वाचनालयाची माणसं ज्या दिवशी बाग बघायला येतील त्याच दिवशी अध्यक्षांनी पाहणी करावी, आणि ही बाग आहे असं त्यांना वाटलं नाही तर सगळं काढून पूर्ववत लॉन करावं. सगळं म्हणजे झाडासकट.

मग बर्फ पडलं आणि कुणालाच काही करता आलं नाही. प्रल्हाद रोज सकाळी कॉफी घेऊन मागच्या दाराशी उभा राहायचा. पांढऱ्या अंगणात पांढरा उंचवटा आणि त्यावर एक काटकी. जानेवारीत त्याच्या ऑफिसातली काही माणसं कमी झाली. त्यात तो नव्हता, पण त्याच्या शेजारच्या खुर्चीतला कुमार होता. त्याचे साठ दिवस संपत आले तेव्हा त्याच्या घरचं फर्निचर उचलायला प्रल्हाद आणि मीनाक्षी गेले. सोफा गेला, टीव्ही गेला, सायकली गेल्या. खिडकीत एक तुळस होती, ती कुणाला द्यावी हे कुमारच्या बायकोला ठरवता येईना. ती मीनाक्षीने आणली. येताना गाडीत ती कुंडी मांडीवर घेऊन बसली होती आणि हीटर तुळशीकडे वळवला होता. प्रल्हादने त्यावर काही बोलायचं टाळलं. त्याच्या आयुष्यातला तो एक शहाणपणाचा क्षण.

एप्रिलातला तो शनिवार उजाडला तोच भुरभुर बर्फ घेऊन. वाचनालयाची खोली मात्र भरली होती. खुर्च्या कमी पडल्या. आपल्या विषयात लोकांना एवढा रस असेल याची प्रल्हादला कल्पना नव्हती. त्याने झोन सांगितले, वारा सांगितला, बर्फ हे थंड प्रदेशातलं फुकटचं पांघरूण कसं ते सांगितलं. पहिलाच प्रश्न आला की ‘ती जागा’ आज बघायला मिळणार ना. तेव्हा त्याला कळलं की निम्मी माणसं परमाकल्चरसाठी आली नव्हती.

सगळे गाड्यांतून घरी आले. मीनाक्षी ट्रेमध्ये चहा घेऊन उभी होती. संजीवकाका अध्यक्षांच्या गंभीर चेहऱ्याने कुंपणाशी उभे होते. शैलाकाकू शाल पांघरून मागे. अंगणात करडा ओला पुठ्ठा, भुगा, उंचवटा आणि काटकी. लोक उंचवट्याभोवती आपसूक गोल करून उभे राहिले, दोघांनी टोप्याही काढल्या. प्रल्हादने एका कोपऱ्यात पुठ्ठा उचलून दाखवला. खाली खरोखरच गवत नव्हतं. काळी मऊ माती होती आणि तीत गांडुळं होती, जाड, सुस्त, थंडीने वैतागलेली. लोक खाली वाकले. लवाली गुडघ्यावर बसले. प्रल्हादचा आवाज चढला, त्याने नासपतीकडे हात केला आणि सहा-सात वर्षांनंतरच्या टोपल्यांचं वर्णन सुरू केलं.

हिरवे गमबूट घातलेल्या एका बाईंनी विचारलं की दुसरी कुठे आहे.

कुठली दुसरी, प्रल्हाद म्हणाला.

बाईंनी काही खवचटपणे सांगितलं नाही. नासपतीला एकटीला फळ धरत नाही. वेगळ्या जातीची दुसरी जवळपास लागते, मधमाशा एकीचा पराग दुसरीवर नेतात. एकटं झाड फुलेल छान, दरवर्षी फुलेल, पण तेवढंच. त्यांना वाटलं, दुसरं झाड इथेच कुठेतरी असेल.

प्रल्हादला दहाव्या धड्यात हे होतं का ते आठवेना. समझोता म्हणून एकच आणल्याचं मात्र आठवलं. त्याने मीनाक्षीकडे पाहिलं नाही.

“आय डिड नॉट नो,” तो म्हणाला.

कानापर्यंत लाल होऊन तो उभा राहिला. गंमत अशी की दिवसभरात त्याच्या बोलण्यातलं तेवढंच लोकांनी मान डोलावून ऐकलं. कुणी म्हणालं, आपणही असंच चेरीचं केलं होतं. कुणी आणखी काही. बघता बघता सगळे आपापल्या मेलेल्या झाडांबद्दल बोलू लागले आणि चहा संपला.

संजीवकाका मात्र हिरव्या गमबुटांपाशी गेले. जवळपास म्हणजे किती, असं त्यांनी विचारलं. पन्नास फुटांत असलं तर उत्तम, बाई म्हणाल्या. काकांनी खिशातून टेप काढली, एक टोक लवालींच्या हातात देऊन नासपतीच्या बुंध्याला धरायला लावलं आणि स्वतः उलट्या पावलांनी कुंपणातून आपल्या लॉनवर गेले. तिथे एका जागी थांबले. टाचेने खूण केली. पुढचं बोलणं मराठीत झालं म्हणून पाहुण्यांना कळलं नाही.

“अहो, आपण कॅरीला जाणार ना?” शैलाकाकू म्हणाल्या.

“जाऊ की,” काका म्हणाले. “आठ वर्षं जातोच आहोत.”

पुढच्या शनिवारी काकांनी वेगळ्या जातीचं रोप आणलं. खड्डा प्रल्हादने खणला, पण काकांनी त्याला खोलीबद्दल एकही वाक्य पूर्ण करू दिलं नाही. पाहणीचा निकाल काय, हे विचारायचं त्याच्या जिभेवर होतं. शेवटी काका आपणहून म्हणाले की अध्यक्षांच्या स्वतःच्या लॉनवर त्याच बागेचा अर्धा भाग असताना ती बाग नाही असं म्हणणं अध्यक्षांना शोभणार नाही. मात्र उंचवटा पाच इंच खाली आण, नियम तो नियम. ते आपोआप बसेल, प्रल्हाद म्हणाला. कधी? सहा-सात वर्षांत. काकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि सोडून दिलं.

मीनाक्षी पाण्याची झारी घेऊन कुंपणातून आली. शैलाकाकूही बाहेर आल्या आणि चौघं त्या दुसऱ्या काटकीभोवती उभे राहिले. काकांनी मनातल्या मनात हिशेब केला असावा, कारण त्यांचा चेहरा जरा उतरला.

“सात वर्षांनी मी कुठे, तू कुठे,” ते प्रल्हादला म्हणाले. “खाणार कोण ही फळं?”

प्रल्हादकडे या प्रश्नाचं लांब उत्तर होतं. त्याने तोंड उघडलंही होतं.

“जो इथे असेल तो,” मीनाक्षी म्हणाली.

मग ती खाली बसली आणि बुंध्याभोवतीची माती दोन्ही हातांनी दाबू लागली. माती अजून इतकी गार होती की बोटं लगेच लाल झाली. ती उठून घरात गेली, हातमोजे घालून आली आणि पुन्हा बसली.